कोण कोणाकडे चालत आलं? ब्लूज, रॉक आणि फ्यूजनचे सात अल्बम

(गोंदिया तालुक्यातील दवनीवाडा येथे दिलेल्या जाहीर व्याख्यानाचं हे शब्दांकन. बोलण्याची ढब शक्य तेवढी तशीच ठेवली आहे. जिथे ध्वनिमुद्रण ऐकवलं, तिथे तशी नोंद केली आहे.)



मंडईचा हंगाम आत्ताच संपलाय. दिवाळीपासून तुम्ही लोकांनी रात्र-रात्र जागून दंडार पाहिली, खडी गंमत पाहिली, झाडीपट्टीची नाटकं पाहिली. अशा गावात येऊन मी अमेरिकेतल्या आणि इंग्लंडातल्या गाण्याबजावण्यावर बोलणार, म्हणजे धानाच्या मुलखात येऊन पावाची तारीफ करण्यासारखं आहे. (हशा) पण मला बोलावणाऱ्या मुलांनी विषयच तो दिला. ही मुलं पेटी वाजवतात, कीबोर्ड वाजवतात, ढोलकी वाजवतात. ती म्हणाली, "सर, फोनवर तं सगळंच मिळते. पण ऐकावं काय, ते कोणी सांगत नाही."

म्हणून मी सात अल्बम सांगणार आहे. 'जगातले सर्वश्रेष्ठ शंभर' अशा याद्या भरपूर आहेत, त्या करणाऱ्यांना करू द्या. माझ्या यादीला एकच प्रश्न लावलाय. दोन तऱ्हेचं संगीत एकत्र येतं तेव्हा कोण कोणाकडे किती चालत आलं? दोघंही चालले, की एक जागेवर बसून राहिला आणि दुसऱ्याला बोलावून घेतलं? हा प्रश्न तुमच्या कामाचा आहे. उद्या कोणी मोठा संगीतकार तुमच्या दंडारीचा ठेका मागायला आला, तर त्याला तो कशासाठी हवाय हे तुम्हाला ओळखता आलं पाहिजे. आपलं वाजवणं म्हणजे दुसऱ्याच्या गाण्यावर घालायची फोडणी, असं एकदा मनात बसलं की माणूस मग तसंच वाजवायला लागतो.

सुरुवात ब्लूजपासून करू, कारण पुढचं बरंच काही तिथून निघालंय. पहिला अल्बम बी. बी. किंग यांचा, 'लाइव्ह ॲट द रीगल'. 21 नोव्हेंबर 1964 रोजी शिकागोच्या रीगल थिएटरात ध्वनिमुद्रित झाला, 1965 मध्ये बाजारात आला. किंग 1925 साली मिसिसिपीत जन्मले. कापसाच्या शेतात राबले, मळ्यावर ट्रॅक्टर चालवला, मग मेम्फिस शहरात गेले. म्हणजे शेतमजूर घरातला माणूस.

ब्लूजचा नेहमीचा साचा सोपा आहे. बारा बार, प्रत्येक बारात चार मात्रा. म्हणजे 48 मात्रांचं एक आवर्तन समजा. पहिली ओळ म्हणायची, तीच ओळ पुन्हा म्हणायची, आणि तिसऱ्या ओळीत तिला उत्तर द्यायचं. रोवणीच्या वेळी बांधीत एक बाई ओळ उचलते आणि बाकीच्या ती परत म्हणतात, ते आठवा. चिखलात वाकून काम करणाऱ्याला ओळ पुन्हा म्हणायला मिळाली की दम घेता येतो, आणि पुढची सुचायला वेळही मिळतो. मिसिसिपी आणि वैनगंगा यांचं काही नातं आहे असा माझा दावा नाही. कष्टाचं काम गाण्याला कसा आकार देतं, एवढंच दाखवायचंय.

[इथे 'लाइव्ह ॲट द रीगल'मधला सुरुवातीचा भाग ऐकवला.]

दोन गोष्टी ऐका. एक, किंग गाताना गिटार वाजवत नाहीत. ओळ गातात, थांबतात, मग गिटार बोलते. त्या गिटारीला त्यांनी 'ल्यूसिल' असं बाईचं नाव दिलं होतं. दुसरी, ते तार ओढून स्वर वर नेतात. तो गंधार कोमलही नाही, शुद्धही नाही. दोघांच्या मधला आहे. आपल्याकडे मींड म्हणतात तेच काम ते बोटाने तार ताणून करतात. आणि प्रेक्षक! ओरडतात, हसतात, उत्तरं देतात. नाटकाच्या मंडपात बसल्यासारखं वाटतं. हा अल्बम पहिला ऐका.

दुसरा अल्बम रॉकचा. ऑलमन ब्रदर्स बँडचा 'ॲट फिलमोर ईस्ट'. मार्च 1971 मध्ये न्यूयॉर्कला मंचावर वाजवलेला. अल्बमची सुरुवातच ब्लाइंड विली मॅकटेल या जुन्या ब्लूजगायकाच्या गाण्याने होते. ड्वेन ऑलमन बोटात औषधाची काचेची बाटली घालून तारेवरून सरकवायचा. अल्बम आला त्याच वर्षी तो अपघातात गेला, 24 वर्षांचा होता. यातलं शेवटचं 'व्हिपिंग पोस्ट' सुमारे 23 मिनिटांचं आहे. त्याची सुरुवात मोजून पाहा: तीन, तीन, तीन, दोन. अकरा मात्रा! दोन गिटारवाले, दोन ड्रमवाले, पण कोणी कोणाला दाबत नाही. ही मुलं ब्लूजकडे गेली, ती शिकायला गेली होती. रॉकमध्ये हे नेहमी घडतं असं नाही, म्हणून हा अल्बम यादीत आहे.

आता मुंबईत येऊ. जानेवारी 1968 मध्ये बीटल्सचा जॉर्ज हॅरिसन मुंबईत एचएमव्हीच्या स्टुडिओत आला. एका चित्रपटासाठी त्याने 'वंडरवॉल म्युझिक' केलं. हा माझा तिसरा अल्बम. वादक कोण? सरोदवर आशीष खान, संतूरवर शिवकुमार शर्मा, सनईवर शरद आणि हनुमान जाधव, बासरीवर केंकरे. आपली मराठी नावं एका बीटलच्या पहिल्या स्वतंत्र अल्बमवर आहेत, हे किती जणांना माहीत आहे?

अल्बम गोड आहे. पण माझा प्रश्न लावून पाहा. भारतीय तुकडे मुंबईत झाले, इंग्रजी तुकडे लंडनला. एक तुकडा इकडचा, एक तिकडचा, असं ते बहुतेक शेजारी-शेजारी ठेवलेलं आहे. जाधवांच्या सनईला समोरून कोणी उत्तर देत नाही. हॅरिसनने मान दिला, नावं दिली. पण संवाद झाला नाही.

चार वर्षांनी, 1972 मध्ये, लेड झेपेलिनचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लँट मुंबईत आले. स्थानिक वादकांना घेऊन त्यांनी आपलीच दोन गाणी पुन्हा मुद्रित केली. ती 43 वर्षं पडून राहिली आणि 2015 साली 'कोडा' या अल्बमच्या वाढीव आवृत्तीत आली. गाण्यांपुढे वादकांची ओळख काय? 'बॉम्बे ऑर्केस्ट्रा'. ऐकायला मजा येते, ऐका जरूर. पण तिथे चाल त्यांची, बांधणी त्यांची. आपल्या लोकांनी रंग भरायचा. फोडणी म्हणालो ना, ती ही. माझ्या यादीत ते नाही.

चौथा अल्बम एका गोवेकराचा. अमान्सियो डिसिल्व्हा, जन्म मुंबईचा, 1936. गिटारवादक. साठच्या दशकात लंडनला गेले. 1969 मध्ये जमैकाचा सॅक्सोफोनवादक जो हॅरियट याच्यासोबत त्यांनी 'हम दोनो' हा अल्बम केला. देव आनंदचा नव्हे बरं! (हशा) एक गोव्याच्या घरातला, एक जमैकाचा, दोघंही लंडनमध्ये परके. नावच सांगतं की दोघं निम्म्या वाटेवर भेटले. जॅझची शिस्त आहे, पण चालींमध्ये आपल्या सुरांचं वळण आहे, आणि ते चिकटवल्यासारखं वाटत नाही. हा अल्बम फार लोकांनी ऐकलेला नाही. तुम्ही ऐका.

पाचवा आणि सहावा एकाच माणसाचे: जॉन मॅकलॉफ्लिन. इंग्लंडचा गिटारवादक, माइल्स डेव्हिसच्या 'बिचेस ब्रू'त वाजवलेला. 1971 मध्ये त्याने महाविष्णू ऑर्केस्ट्रा काढून 'द इनर माउंटिंग फ्लेम' केला. विजेची गिटार, बिली कॉबमचे ड्रम, आणि वेग असा की पहिल्यांदा डोकं दुखतं. यातलं 'द डान्स ऑफ माया' ऐका. अवघड मात्रांची, काळोखी चाल चाललेली असते आणि मधूनच ब्लूज बाहेर येतो. बी. बी. किंग आधी ऐकला असेल तर तुम्ही हसाल. माझी तक्रार एवढीच की या अल्बममध्ये भारत नावात आणि मात्रांच्या हिशेबात आहे. समोर बसलेला भारतीय माणूस नाही.

तो माणूस 'शक्ती'मध्ये आला. 5 जुलै 1975 रोजी न्यूयॉर्क राज्यातल्या साउथहॅम्प्टनच्या एका कॉलेजात झालेली मैफल, अल्बम 1976 चा. तबल्यावर मुंबईचे झाकीर हुसेन, व्हायोलिनवर एल. शंकर, घटमवर विक्कू विनायकराम, मृदंगमवर राघवन. मॅकलॉफ्लिनने काय केलं? आधी एस. रामनाथन यांच्याकडे वीणा शिकला. विजेची गिटार खाली ठेवली. नवी गिटार बनवून घेतली; तिच्या मुख्य तारांखाली आडव्या तरफेच्या तारा लावल्या, आणि पडद्यांमधलं लाकूड खोलगट कोरलं, म्हणजे तार दाबून मींड काढता येईल. आणि मांडी घालून खाली बसला. याला मी चालत येणं म्हणतो. हत्यारच बदललं!

आपले लोकही चालले, हे विसरू नका. उत्तरेचा तबला आणि दक्षिणेचं घटम-मृदंगम एका बैठकीत रोज बसत नव्हते. हिशेब वेगळे, बोल वेगळे. म्हणजे ही इंग्लंड-भारत भेट होती तशी मुंबई-मद्रास भेटही होती.

[इथे 'जॉय' या रचनेची शेवटची काही मिनिटं ऐकवली.]

खरं सांगतो, नागपुरात शिकत असताना मी हे पहिल्यांदा कॅसेटवर ऐकलं तेव्हा आवडलं नाही. नुसती धावाधाव वाटली. तेव्हा मी फक्त गिटार ऐकत होतो. पुढे एकदा फक्त घटम ऐकायचं ठरवलं, आणि दार उघडलं. तुम्हीही तसं करा: एका वेळी एकच वाद्य धरा. 'शक्ती'चा 1977 चा 'नॅचरल एलिमेंट्स' मला त्या मानाने मिळमिळीत वाटतो. गाणी छोटी, गुळगुळीत केलेली. ज्यांना पहिला दमवतो त्यांनी तिथून सुरुवात केली तरी चालेल, पण तिथेच थांबू नये.

सातवा अल्बम माझ्या मनाच्या सगळ्यात जवळचा. त्रिलोक गुर्टू, 'उस्फ्रेट', 1988. त्रिलोक मुंबईचा, आणि कोणाचा मुलगा? शोभा गुर्टूंचा. बेळगावात 1925 साली जन्मलेल्या, म्हणजे बी. बी. किंग यांच्याच वर्षी. ठुमरी, दादरा, कजरी यांत मोठं नाव. 'सामना' चित्रपटात गायलेल्या. इथल्या आजीलाही त्यांचा आवाज ओळखू येईल. मुलगा तबला शिकलेला, जर्मनीत राहून जॅझ वाजवणारा. गुडघ्यावर बसून ड्रम वाजवतो, वाजती घंटा आणि झांज पाण्याच्या बादलीत बुडवून स्वर वाकवतो. 'उस्फ्रेट'मध्ये ट्रम्पेटवर डॉन चेरी, गिटारवर राल्फ टाउनर, व्हायोलिनवर 'शक्ती'चेच शंकर. आणि गायला आई. एका रचनेचं नावच 'शोभारॉक'.

[इथे 'शोभारॉक' ऐकवलं.]

ऐकलंत? आईने आवाज बदललेला नाही. ती आपल्या बैठकीतच गाते. मुलाने काय केलं, तर आईच्या दमाचा, तिच्या थांबण्याचा मान राखून खाली ठेका बांधला. वर मी म्हणालो की दोघांनी चालायला हवं. इथे आई जागेवर आहे आणि तरी फोडणी होत नाही. का? कारण गाणं तिच्यापासून सुरू होतं. ज्याला दोन्ही भाषा येतात त्या मुलाने मधलं सगळं अंतर स्वतः चालून काढलं. माझ्या प्रश्नाला हे सगळ्यात चांगलं उत्तर वाटतं. उणीव सांगायची तर काही ठिकाणी कीबोर्डचे आवाज आता जुनाट वाटतात, 1988 चे आहेत हे लगेच कळतं. आईचा आवाज मात्र जुना झालेला नाही.

(यानंतरच्या प्रश्नोत्तरांपैकी एक प्रश्न इथे देत आहोत.)

प्रश्न: सर, मी नाटकाच्या हंगामात कीबोर्ड वाजवतो. लग्नात, वरातीत लोकांना डीजेच पाहिजे. हे ऐकून मी माझ्या वाजवण्यात काय करू?

उत्तर: छान विचारलंस बाळा. वरातीचं उत्तर माझ्याजवळ नाही. पोट भरायला जे वाजवावं लागतं ते वाजव, त्यात कमीपणा नाही. पण घरी एक काम कर. आजीला किंवा शेजारच्या काकूला रोवणीचं एक गाणं म्हणायला लाव. फोनमध्ये भरून घे. लगेच त्याच्याखाली कॉर्ड लावू नको. आधी महिनाभर ते स्वतः म्हण, तिच्यासारखं, तिच्या दमाने. मग तिचा सा कुठे आहे ते कीबोर्डवर शोध. तुला दिसेल की तिचे काही स्वर पट्टीवर सापडतच नाहीत, दोन पट्ट्यांच्या मधे पडतात. तिथे तुझ्या कीबोर्डला डाव्या बाजूला स्वर वाकवायचं चाक असेल, ते वापरायला शीक. बी. बी. किंग बोटाने जे करतात ते तू त्या चाकाने कर. आणि ती जिथे थांबते तिथे तूही थांब. ती जागा भरून टाकू नको.

ते जमलं की मग खाली काय घालायचं ते तुलाच सुचेल. आणि वाजवशील तेव्हा आजीला समोर बसव. ती "हे माझं गाणं नाही" म्हणाली, तर पुन्हा कर.