गश्तीपासून स्थगितीपर्यंत : निर्बंधाच्या भाषेचा विचार

राज्यसंस्था नागरिकाच्या हक्काला कोणत्या नावाने ओळखते, यावर तो हक्क किती सहजपणे काढून घेता येईल हे पुष्कळ अंशी अवलंबून असते.

परभणी जिल्ह्यातील चारठाणा हे गाव १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. संस्थानात सभा भरविण्यास पूर्वपरवानगी आवश्यक ठरविणारा १९२९ चा हुकूम 'गश्ती क्रमांक ५३' म्हणून प्रसिद्ध आहे. 'गश्ती' म्हणजे फिरते परिपत्रक. मात्र 'परवानगी' या शब्दात देणारा व मागणारा असे दोन पक्ष गृहीतच असतात. निर्बंध घालणारा कोण, हे त्यातून लपत नाही. याच काळात, १९३७ मध्ये, तेव्हा परभणी जिल्ह्यात असलेल्या परतूर येथे महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन भरले.

फेब्रुवारी २०२४ मध्ये मराठा आरक्षणाच्या आंदोलनकाळात परभणीलगतच्या जालना जिल्ह्यासह बीड व छत्रपती संभाजीनगर येथे इंटरनेट काही तास बंद झाले. अशा प्रसंगी 'सेवा तात्पुरती स्थगित करण्यात येत आहे' ही वाक्यरचना रूढ आहे. तीत कर्ता लुप्त असतो आणि 'सेवा' हे कर्म असते. सेवा ही देणाऱ्याची असते. ती थांबली तर गैरसोय झाली असे म्हणतात, हक्क गेला असे कोणी म्हणत नाही.

हा दोष केवळ मराठीचा नव्हे. नायजेरियाच्या शासनाने जून २०२१ मध्ये ट्विटरचे 'कामकाज' स्थगित केल्याचे जाहीर केले. शब्द कंपनीविषयी होता, बंदी मात्र नागरिकांच्या बोलण्यावर आली. पश्चिम आफ्रिकी राष्ट्रसमूहाच्या न्यायालयाने जुलै २०२२ मध्ये ती बेकायदेशीर ठरविली.

दंगलीच्या वेळी अफवेने होणारी हानी खरी असते, हे नाकारता येत नाही. म्हणूनच सर्वोच्च न्यायालयाने १० जानेवारी २०२० रोजी अनुराधा भसीन खटल्यात सरसकट मनाई न करता, इंटरनेटद्वारे होणाऱ्या अभिव्यक्तीस संविधानाचे संरक्षण असल्याचे सांगून, स्थगितीचे आदेश प्रसिद्ध करण्याचे व निर्बंध प्रमाणात ठेवण्याचे बंधन घातले. गश्तीच्या काळातील प्रजेला असा आधार नव्हता.

परंतु आदेशाला आव्हान द्यायचे तर तो आधी समजला पाहिजे. कोणी, कोणत्या कारणाने, कोठे व किती काळ बोलणे थांबविले, हे चारठाण्याच्या रहिवाशाला त्याच्या मराठीत, कर्तरी वाक्यात वाचता आले, तरच न्यायालयाने दिलेले संरक्षण त्याच्यापर्यंत पोचले असे म्हणता येईल.