‘डेलिबरेशन’ आणि आपले ठराव

सभेचा वृत्तांत इंग्रजींत लिहावयाचा झाला कीं आपला सुशिक्षित चिटणीस ‘आफ्टर ड्यू डेलिबरेशन’ हे शब्द आधीं लिहितो आणि मग ठरावाकडे वळतो. अमरावती-अकोल्याकडील संस्थांचे असे वृत्तांत आम्हीं पुष्कळ वाचले आहेत. एक तर आम्हींच लिहिला आहे. त्या सभेंत एक वृद्ध सभासद विरोधी बोलावयास उठले होते. अध्यक्षांनीं घड्याळ पाहिलें आणि ते खालीं बसले. वृत्तांतांत हे शब्द तेवढे राहिले. म्हणून ह्या शब्दाचा झाडा घेणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

लॅटिन भाषेंत ‘लिब्रा’ म्हणजे तराजू. त्यावरून ‘डेलिबरेशन’ म्हणजे तोलणें. कापसाच्या वऱ्हाडांत वजनाची पहिली अट कोणास सांगावयास नको: कांटा मोकळा हवा.

परंतु ह्या शब्दाचे दोन अर्थ इंग्रजींतच एकमेकांशीं भांडतात. ज्यूरी बंद खोलींत करते तें ‘डेलिबरेशन’. आणि आरोपीनें ‘डेलिबरेटली’ मारलें, म्हणजे आधीं ठरवून मारलें. एकांत निर्णय व्हावयाचा असतो, दुसऱ्यांत तो होऊन चुकलेला असतो. मिल्टनच्या ‘पॅरडाइज लॉस्ट’च्या दुसऱ्या सर्गांत बीलझेबब भाषणास उठतो, तेव्हां कवी त्याच्या मुद्रेवर हाच शब्द बसवितो, पण त्याची मसलत मूळची सैतानाची होती, हेंही कवीच सांगतो. आमच्या वृत्तांताची जात हीच.

बर्कनें १७७४ सालीं ब्रिस्टलच्या मतदारांस आणखी एक भेद सांगितला: संसद ही विरोधी हितसंबंधांच्या वकिलांची बैठक नसून एका राष्ट्राची विचारसभा आहे. ह्या कसोटीनें ८ ऑगस्ट १९४७ चा अकोला करार पाहावा. वऱ्हाड व पश्चिम महाराष्ट्र येथील पुढाऱ्यांनीं एका प्रांतांत दोन उपप्रांतांची योजना मान्य केली. ही वाटाघाट होय. वाटाघाट हीन नव्हे. पण तींत प्रत्येक जण आपलें माप घरून आणतो. १ मे १९६० रोजीं महाराष्ट्र राज्य झालें, तें उपप्रांतांवांचून. आणि ‘आमचें माप कोठें गेलें?’ हा प्रश्न वऱ्हाडांत उरला.

उलट, अमरावतीचे पंजाबराव देशमुख ज्या घटनासमितींत बसले, तिच्यापुढें २,४७३ दुरुस्त्या प्रत्यक्ष मांडल्या गेल्याचा हिशोब आंबेडकरांनीं २५ नोव्हेंबर १९४९ रोजीं दिला. तेथेंही पक्षाचें वजन होतें; परंतु मसुदा आला तसाच गेला नाहीं.

मराठींत मसलत, वाटाघाट, खल, विचारविनिमय असे निरनिराळे शब्द आहेत. मसलत गुप्त चालते, वाटाघाटींत देवघेव होते, खलांत विषय घोटला जातो. विनिमय म्हणावयाचा तर विचार देऊन विचार घ्यावा लागतो. आमची चिटणिसांस एवढीच विनंति आहे: सभेंत जें झालें त्याचेंच नांव लिहावें. ठराव नुसता मांडून मंजूर झाला असेल, तर ‘मांडला व मंजूर झाला’ एवढें पुरे. आम्हींही त्या दिवशीं तेवढेंच लिहावयास हवें होतें.