जिवाची किंमत आणि दुप्पट भाडे

माणसाच्या जिवाची किंमत काढण्याचे एक शास्त्र आहे आणि अनेक देशांत रस्तेबांधणीच्या हिशेबात ते वापरले जाते. १९६८ साली अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ थॉमस शेलिंग यांनी त्याची नवी मांडणी केली. मेलेल्याच्या कमाईवरून किंमत ठरवू नका, ज्यांचा जीव धोक्यात आहे त्यांनाच विचारा, असे त्यांचे म्हणणे. प्रवासातला मृत्यूचा धोका दहा हजारांत एकाने घटणार असेल तर तुम्ही किती जादा द्याल? दहा हजार जणांनी प्रत्येकी १०० रुपये कबूल केले, की वाचलेल्या एका जिवाची किंमत दहा लाख ठरली.

हा विचार सरसकट धिक्कारण्यासारखा नाही. जिथे आकडा नसतो तिथे गरिबाचा जीव हिशेबात शून्यच धरला जातो. कमाईवरून जीव मोजण्याची जुनी रीत तर अधिक क्रूर होती. मोटार वाहन कायद्यात १९९४ साली आलेल्या भरपाईच्या परिशिष्टाने न कमावणाऱ्या माणसाचे वार्षिक उत्पन्न १५,००० रुपये धरले आणि २०१८ पर्यंत तो आकडा तिथेच राहिला. शेलिंग यांनी निदान माणसाला विचारायचे तरी ठरवले.

परंतु प्रश्न कोणाला विचारता? आमच्या धाराशिव जिल्ह्यातून दरवर्षी ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. बेंबळीच्या रस्त्यावर मी त्यांना पाहतो. ट्रॅक्टरला जोडलेल्या ट्रॉलीत भांडीकुंडी, सरपण, कोयते, आणि त्या सगळ्यावर बसलेली बायका-लेकरे. यांना विचारा, सुरक्षित गाडीसाठी किती द्याल? उचल आधीच खर्चून बसलेला माणूस काय सांगणार? त्याच्या उत्तरात त्याच्या जिवाची नव्हे, त्याच्या खिशाची मोजदाद होते. शिवाय ट्रॉली त्याने निवडलेलीच नाही. ती मुकादम आणि कारखान्याच्या व्यवहाराने ठरलेली असते.

या शास्त्राची खरी परीक्षा मला बाबासाहेबांच्या ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनपर लेखनात दिसते. १९०१ साली वडिलांना भेटायला निघालेली ही भावंडे मसूर स्टेशनावर उतरली, पण जात कळताच एकही गाडीवान त्यांना नेईना. शेवटी दुप्पट भाडे कबूल केल्यावर एक जण तयार झाला, तोही मुलांनीच गाडी हाकायची आणि आपण पायी चालायचे या अटीवर. अर्थशास्त्रज्ञ म्हणेल, पैसे द्यायची तयारी होती, सौदा झाला. पण त्या दुप्पट भाड्यात सुरक्षितता विकत मिळाली का? कासरा अजाण पोरांच्या हाती आला.

१९२९ साली चाळीसगावला हेच पुन्हा घडले. तोवर बाबासाहेब बॅरिस्टर झाले होते. टांगेवाला टांगा द्यायला तयार, हाकायला नाही. आपल्या पाहुण्याने महारवाड्यात पायी येणे लोकांना अपमानाचे वाटले, म्हणून टांगा कधी न हाकलेला माणूस पुढे बसला. पुलावर चाक अडकले, बाबासाहेब दगडी फरसबंदीवर फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला. धोका कमी करण्यासाठी पैसे देणारा ग्राहक शास्त्राला ठाऊक आहे. पैसे हातात असूनही जातीमुळे ज्याच्या वाट्याला धोकाच येतो, तो माणूस त्याच्या कोष्टकात नाही.

आजचा हिशेबही तपासावा. २०१६ पासून एसटीच्या तिकिटामागे एक रुपया अपघात सहाय्यता निधीसाठी घेतला जातो. वारसाला मदत मिळते, ते योग्यच आहे. पण तो रुपया मेल्यानंतरचा आहे, ब्रेकचा नव्हे. उलट मार्च २०२३ मध्ये बायकांना एसटीत निम्मे तिकीट झाले आणि गाड्या बायकांनी भरल्या. त्यांना एसटी नको होती असे नव्हे, परवडत नव्हती. आदल्या वर्षी कोणी त्यांची ‘तयारी’ मोजली असती, तर ती किती तोकडी भरली असती!

म्हणून माझे म्हणणे असे, की ‘किती द्याल?’ या प्रश्नाआधी ‘हा धोका तुमच्यावर लादला कोणी?’ हा प्रश्न विचारला पाहिजे. आमच्या आत्मकथनांनी तो विचारला आहे. पाहणी करणाऱ्यांनी ती साक्ष म्हणून वाचावीत. आणि ट्रॉलीवर बसलेल्या बाईला किंमत विचारू नये. तिला गाडी द्यावी, आणि तिचे भाडे तिच्या उचलीतून कापू नये.