स्मार्टवॉचची बॅटरी ‘७ दिवस’: हा आकडा सिनॉप्सिसमध्ये लिहिण्याआधी

पेट झाली, आता सिनॉप्सिस लिहायची आहे, अशा टप्प्यावर तुमच्यातले बरेच जण असतील. विषय आरोग्याचा असो, शेतीचा, क्रीडाशास्त्राचा नाहीतर समाजकार्याचा, हल्ली आराखड्यात एक वाक्य हमखास येतं: ‘सहभागी व्यक्तींना स्मार्टवॉच देऊन सात दिवस झोप, पावलं आणि हृदयाचे ठोके यांची नोंद घेतली जाईल.’ आणि खाली साधनांच्या तक्त्यात एक ओळ: ‘बॅटरी: ७ दिवस.’

हा ‘७ दिवस’ आला कुठून? खोक्यावरून. तुमचा गाईड कदाचित त्यावर काही बोलणार नाही, समितीही पुढे जाईल. पण संशोधनाच्या नजरेने बघितलं तर ही त्या पानावरची सगळ्यात कच्ची ओळ आहे. आज तिचीच चिरफाड करू. टीका कुठल्या एका घड्याळावर नाही, एका आकड्यावर आणि तो आकडा जसाच्या तसा उचलण्याच्या आपल्या सवयीवर आहे.

तळटीप वाचा

खोक्यावर नुसतं ‘७ दिवस’ सहसा नसतं. ‘७ दिवसांपर्यंत’ असतं. हे ‘पर्यंत’ फार महत्त्वाचं आहे. ‘पर्यंत’ म्हणजे कमाल मर्यादा, सरासरी नव्हे. स्वस्त घड्याळांच्या बाबतीत तर त्याच खोक्याच्या कडेला बारीक अक्षरात ‘ब्लूटूथ कॉलिंग चालू असल्यास २ दिवस’ अशा धर्तीची ओळही सर्रास दिसते. म्हणजे एकाच वस्तूला दोन आकडे आहेत आणि आपण मोठा निवडला.

ॲपलचं उदाहरण घेऊ, कारण ती कंपनी चाचणी कशी केली ते निदान लिहून तरी ठेवते. २०१५ साली पहिलं ॲपल वॉच आलं तेव्हा दावा होता १८ तासांचा. त्या १८ तासांत काय काय धरलं होतं? ९० वेळा वेळ बघणं, ९० नोटिफिकेशन, ४५ मिनिटं ॲपचा वापर आणि ब्लूटूथवर गाणी ऐकत ३० मिनिटं व्यायाम. पुढे अलीकडच्या मॉडेलांमध्येही दावा १८ तासांचाच राहिला, पण आतली यादी बदलली: वेळ बघणं ३०० वेळा, ॲपचा वापर १५ मिनिटं, व्यायाम ६० मिनिटं. आकडा तोच, मोजलेली गोष्ट वेगळी.

मग २०२५ मध्ये सिरीज ११ आली आणि दावा २४ तासांवर गेला. तळटीप वाचली तर कळतं की यादीत आता ६ तास झोपेची नोंदही आहे. १८ अधिक ६, झाले २४. झोपेत स्क्रीन बहुतेक बंदच असते, तेव्हा ते तास जागेपणीच्या तासांएवढे महाग नाहीत. ही फसवणूक आहे असं मी म्हणत नाही. व्याख्या उघड लिहिलेली आहे. पण बॅटरी किती सुधारली आणि व्याख्या किती बदलली, हे नुसत्या १८ आणि २४ वरून वेगळं काढता येत नाही. पेटच्या अभ्यासात तुम्ही ‘कार्यात्मक व्याख्या’ पाठ केली असेल ना? ती हीच. व्याख्येशिवाय दोन आकड्यांची तुलना करायची नाही, हा धडा इथे खोक्यावरच छापलेला आहे.

आणखी एक बघा. ज्याचा दिवस कंपनीने धरला आहे, तो माणूस कोण? तो गाणी ऐकत तासभर व्यायाम करतो, त्याला दिवसाला ९० नोटिफिकेशन येतात आणि रात्री उशाशी त्याचा चार्जर असतो. तुमच्या नमुन्यात असा माणूस किती जण आहेत?

वीज लागते किती? अगदी थोडी. मग अडतं कुठे?

पहिल्या ॲपल वॉचच्या लहान आकारातली बॅटरी ०.७८ वॅट-तासांची होती. एक युनिट म्हणजे १००० वॅट-तास. चार्जिंगमध्ये निम्मी वीज वाया गेली असं धरलं तरी एका युनिटमध्ये ते घड्याळ सहाशेहून जास्त वेळा भरेल. रोज चार्ज केलं तरी एक युनिट दीड वर्ष पुरेल. म्हणजे प्रश्न विजेच्या बिलाचा नाहीच.

प्रश्न रोज करावं लागण्याचाही नाही. आपल्या आजोबांच्या पिढीने एचएमटीच्या घड्याळाला रोज सकाळी चावी दिली, कुणी कुरकुर केली नाही. पण चावी द्यायला प्लग लागत नव्हता, लाइट असावी लागत नव्हती आणि त्या कंपनीचाच चुंबकी चार्जर शोधावा लागत नव्हता. स्मार्टवॉचला चार गोष्टी एकाच वेळी जुळून याव्या लागतात: लाइट, मोकळा प्लग, तोच चार्जर आणि घड्याळ हातातून काढून ठेवायला मिळणारा वेळ. यातली एक हुकली की नोंद हुकली.

हे आपल्या जिल्ह्यात ठेवून बघा

समजा तुमचा विषय आहे ‘रात्री सिंचन करणाऱ्या शेतकऱ्यांची झोप’. राहुरी, नेवासा, संगमनेर, कुठलाही तालुका घ्या. शेतीपंपाला वीज दिवसा किंवा रात्री, आळीपाळीने, साधारण ८ तास मिळते. रात्रीची पाळी आली की माणूस दारं धरायला शेतात. उसात बिबट्याची भीती, हातात बॅटरी, खिशात मोबाईल. पहाटे वस्तीवर येऊन तो आधी काय चार्ज करेल? मोबाईल. मग हातातली बॅटरी. तुम्ही दिलेलं घड्याळ तिसऱ्या नंबरवर, तेही घरात प्लग रिकामा असेल तर. आणि चार्जला लावून तो झोपला, की ज्या झोपेसाठी तुम्ही अभ्यास मांडला तीच झोप नोंदीतून गेली.

त्यात ऋतू धरा. साध्या ॲपल वॉचसाठी भोवतालचं तापमान ० ते ३५ अंश असावं, असं ॲपल स्वतः सांगते. नगरला एप्रिल-मेमध्ये पारा ४० च्या वर जातो. पत्र्याच्या घरात दुपारी चार्जला लावलेलं घड्याळ कंपनीच्याच अटीबाहेर काम करत असतं. लिथियम-आयन बॅटरीला उष्णता सोसत नाही. ती लवकर म्हातारी होते.

आणि काळही बदलतोय. शेतीला दिवसा वीज मिळावी म्हणून आलेल्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा प्रायोगिक प्रकल्प आपल्याच राळेगणसिद्धीत झाला. चांगलीच गोष्ट. पण तुमच्या दोन वर्षांच्या अभ्यासात मधेच एखाद्या गावाचा फीडर दिवसाच्या विजेवर गेला, तर त्या गावाची झोपही बदलेल आणि चार्जिंगची वेळही. नोंदी वाढल्या तर त्या झोप सुधारल्यामुळे की घड्याळ वेळेवर चार्ज झाल्यामुळे? हा गोंधळ नंतर कुठल्याही सॉफ्टवेअरमधून सुटत नाही.

याहून अवघड उदाहरण हवं? पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडचे ऊसतोड कामगार. हंगामात ते कोपीवर राहतात. तिथे प्लगच नाही. ‘७ दिवस’ हा आकडा त्यांच्यासाठी खरा की खोटा, हा प्रश्नच गैरलागू होतो.

बिबट्याच्या गळ्यातला पट्टा

बॅटरीचं हे गणित संशोधनात नवीन नाही. अंगावरच्या उपकरणाचं एक प्रसिद्ध उदाहरण नगर जिल्ह्यातूनच सुरू झालं. २००९ मध्ये पारनेर तालुक्यातल्या टाकळी ढोकेश्वरला एक बिबट्या विहिरीत अडकला. त्याला वाचवून, जीपीएस पट्टा घालून माळशेज घाटात सोडलं. विद्या अत्रेय यांच्या चमूने त्याचा माग ठेवला. तो सुमारे १२० किलोमीटर चालून मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानापर्यंत गेला. ‘आजोबा’ हे त्याचं नाव आणि २०१४ चा सिनेमा तुम्हाला माहीत असेलच.

अशा पट्ट्याच्या अभ्यासात पहिला निर्णय बॅटरीचाच असतो. दर तासाला जागा नोंदवली तर हालचाल बारीक दिसते, पण पट्टा लवकर बंद पडतो. नोंदी लांब अंतराने घेतल्या तर पट्टा जास्त दिवस चालतो, पण मधली वाट दिसत नाही. बिबट्याला ‘आज रात्री चार्ज कर’ असं सांगता येत नाही, म्हणून संशोधक आधीच बसून हिशोब करतो. पुढे २०११ मध्ये आजोबा रस्त्यावर वाहनाच्या धडकेत मेला, तेव्हा त्याची ओळख पटली ती शरीरात बसवलेल्या मायक्रोचिपवरून. त्या चिपला बॅटरी नसतेच.

आता फरक लक्षात घ्या. बिबट्याच्या अभ्यासात बॅटरीची जबाबदारी संशोधकाची असते. माणसाच्या अभ्यासात आपण ती गुपचूप सहभागी व्यक्तीवर ढकलतो. चार्जिंग हे काम आहे. रोजचं आहे, बिनपगारी आहे आणि ज्याच्याकडे सोयी कमी त्याला जास्त जड आहे. ‘बॅटरी: ७ दिवस’ या ओळीत हे काम दिसत नाही. माझी खरी तक्रार ही आहे.

बॅटरी संपली की नोंदीतून कोण जातं?

पावलं आणि हालचाल मोजणाऱ्या अभ्यासांत एक नियम नेहमी वापरला जातो: दिवसाला किमान १० तास उपकरण अंगावर असेल तरच तो दिवस ग्राह्य, आणि असे किमान ४ दिवस असतील तरच ती व्यक्ती विश्लेषणात. नियम वाईट नाही. पण तो लावल्यावर गळतं कोण? ज्यांचं चार्जिंग हुकतं ते. म्हणजे रात्री शेतात असणारे, कोपीवर राहणारे, एका घरात एकच बोर्ड असणारे. उरतात मास्तर, दुकानदार आणि कॉलेजची मुलं. मग निष्कर्ष येतो की ‘ग्रामीण भागातली झोप समाधानकारक आहे’.

संख्याशास्त्रात गहाळ नोंदींचे तीन प्रकार शिकवतात: निव्वळ योगायोगाने गहाळ, आपण मोजलेल्या दुसऱ्या एखाद्या गोष्टीशी जोडलेल्या, आणि जे मोजायचं आहे त्याच्याशीच जोडलेल्या. बॅटरी संपल्याने गेलेली नोंद आपण सवयीने पहिल्या खात्यात टाकतो. वरच्या उदाहरणात ती तिसऱ्या खात्यात आहे. ज्या रात्री झोप सगळ्यात वाईट, त्याच रात्री घड्याळ बंद.

हे फक्त प्रबंधापुरतं राहत नाही. नागपूर, नवी मुंबई, चंडीगड इथे सफाई कामगारांना हजेरीसाठी जीपीएस घड्याळं दिली गेली आणि हजेरी पगाराशी जोडलेली असते. अशा व्यवस्थेत बंद पडलेलं घड्याळ आणि गैरहजर माणूस सर्व्हरला सारखेच दिसतात. तुमच्या एक्सेलमधला रिकामा चौकोन तिथे एखाद्याचा रोज असू शकतो. म्हणून रिकाम्या चौकोनाकडे शंकेने बघायची सवय आत्ताच लावून घ्या.

मग करायचं काय?

घड्याळ वापरूच नका, असं नाही. मनगटावरून सलग नोंद मिळणं ही मोठीच सोय आहे. फक्त एवढं करा:

१. ‘७ दिवस’ लिहू नका. मॉडेल, सेटिंग आणि तुम्ही स्वतः मोजलेला कालावधी लिहा. पाच-सहा जणांवर, त्याच गावात, त्याच ऋतूत आठवडाभर प्राथमिक चाचणी घ्या.

२. चार्जिंगला चल माना. कधी लावलं, किती वेळ, का लावता आलं नाही, हे एका साध्या वहीत नोंदवून घ्या. घरात प्लग किती, वीज कुठल्या फीडरची, हेही प्रश्नावलीत टाका.

३. जे मोजायचं नाही ते बंद करा. झोप हवी असेल तर कॉलिंग, नोटिफिकेशन, सतत चालू राहणारी स्क्रीन कशाला?

४. चार्जिंगची वेळ सहभागी व्यक्तीसोबत बसून ठरवा. आंघोळ, जेवण, धार काढायची वेळ, जी त्यांना जमेल ती. लिथियम-आयन बॅटरी सुरुवातीला भराभर भरते आणि शेवटचा टप्पा सावकाश घेते, त्यामुळे १०० टक्क्यांचा हट्ट नको.

५. जिथे प्लग नाही तिथे भरलेली पॉवर बँक द्या आणि तिचा खर्च बजेटमध्ये दाखवा. ते काम तुमचं आहे, त्यांचं नाही.

६. जुनी घड्याळं पुन्हा वापरत असाल तर तेही सांगा. १००० पूर्ण चक्रांनंतर ८० टक्के क्षमता उरावी अशी रचना असल्याचं ॲपल म्हणते. म्हणजे चांगल्या घड्याळाचीही घट गृहीतच धरलेली आहे.

७. शेवटी निकालात गळलेल्यांचा वेगळा तक्ता द्या: किती जण, कुठले, कुठल्या कामातले.

व्हायव्हाला ‘बॅटरी किती चालते?’ असा प्रश्न आला तर दिवस सांगू नका. ‘कोणाच्या हातावर?’ असं विचारा आणि मग तुमचा तो तक्ता काढून दाखवा. तुमच्या आराखड्यात ही ओळ आत्ता कशी लिहिली आहे, ते कमेंटमध्ये टाका. दुरुस्त कशी करायची ते मिळून बघू.