मिनिटे मोजली, हवेचे काय?

जागतिक आरोग्य संघटनेची 2020 ची मार्गदर्शिका प्रौढांना आठवड्याला 150 ते 300 मिनिटे मध्यम व्यायाम सांगते. व्यायामशिक्षक हा आकडा ऐकवतात आणि वर 'पहाटे, मोकळ्या हवेत' अशी पुस्ती जोडतात. आकडा ठीक, पुस्ती गोवंडीत टिकत नाही. शेजारी 1927 पासूनची देवनारची कचराभूमी. जानेवारी 2016 च्या आगीचा धूर कित्येक दिवस हटला नव्हता. स्वस्थ बसलेला माणूस मिनिटाला 6 ते 8 लिटर हवा घेतो. जोरात धावताना 50 लिटरहून अधिक, तीही बरीचशी तोंडावाटे, म्हणजे नाकाची गाळणी चुकवून. हिवाळ्यात पहाटे जमिनीलगतची गार हवा वर चढत नाही, धूर खालीच कोंडतो. सकाळच्या शाळेतली कवायत तेवढे दिवस शेवटच्या तासाला घेता येईल.