काटा काय मोजतो?

एकलहरे येथील औष्णिक विद्युत केंद्राच्या चिमण्या आमच्या विद्यार्थ्यांना वर्गात बसल्या जागी दिसतात. २१० मेगावॉटचे तीन संच तेथे १९७९ ते १९८१ या काळात सुरू झाले. अशा केंद्राच्या नियंत्रण कक्षात मापकांची रांगच असते, आणि प्रत्येक मापकावर तो काय मोजतो व कोणत्या एककात, हे लिहिलेले असते. बाष्पाचा दाब आणि जनित्राचा भार यांची बेरीज करून एकच काटा बसवावा, असे कोणाही अभियंत्याला सुचणार नाही. लिनक्स या मुक्त स्रोत कार्यप्रणालीत मात्र असा एक काटा आहे, आणि त्याने आम्हांला चांगलेच फसवले.

आमच्या प्रयोगशाळेत एका जुन्या संगणकावर विद्यार्थ्यांची प्रात्यक्षिके साठवलेली होती. दुपारच्या तासाला तो इतका मंदावे की साधी फाईल उघडायला मिनिट लागे. ‘सिस्टिम मॉनिटर’मध्ये आलेख तीन : प्रोसेसर, मेमरी आणि नेटवर्क. तिन्ही शांत! ‘टॉप’ ही आज्ञा दिली तर ‘लोड अ‍ॅव्हरेज’ सहाच्या वर, आणि प्रोसेसर मात्र बहुतांशी रिकामा. लोड म्हणजे प्रोसेसरवरचा भार, अशी आमची समजूत. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा? उत्तर सापडेना, म्हणून आम्ही नेटवर्कला दोष दिला, केबल बदलली, स्विच बदलला. तीन आठवड्यांनी हार्ड डिस्कच बंद पडली आणि नववीच्या दोन तुकड्यांचे सहामाहीचे काम गेले. दुसरी प्रत ठेवली नव्हती, ही चूक आमचीच.

आता या आकड्याकडे पाहू. प्रोसेसरसाठी रांगेत उभी असलेली कामे मोजून त्यांची १, ५ व १५ मिनिटांची सरासरी काढायची, ही कल्पना १९७३ साली ‘टेनेक्स’ या प्रणालीच्या संदर्भात नोंदलेली आढळते. लिनक्सने तीच उचलली. १९९३ च्या ऑक्टोबरमध्ये मथायस उर्लिख्स यांनी एक दुरुस्ती सुचवली. वेगवान डिस्क काढून मंद डिस्क बसवली तर संगणक रखडतो, आणि लोड मात्र कमी झालेला दिसतो. हे विपरीत आहे, असा त्यांचा मुद्दा होता. म्हणून डिस्कची वाट पाहत थबकलेली कामेही त्याच बेरजेत धरली गेली. हेतू चांगला होता, पण बेरजेचे नाव जुनेच राहिले. हे कारण पुढे इतके विस्मरणात गेले की २०१७ साली ब्रेंडन ग्रेग यांना ते जुन्या पत्रव्यवहारातून शोधून काढावे लागले. गंमत अशी की हा आकडा काढणाऱ्या मूळ संहितेतच, हा आकडा खुळचट आहे पण लोकांना महत्त्वाचा वाटतो, अशा अर्थाची टिप्पणी आहे. सहा हा आकडा आम्हांला डिस्कबद्दलच सांगत होता. आम्ही तो प्रोसेसरचा समजून वाचला.

यावर, मुक्त स्रोत वाईट, असा निष्कर्ष कोणी काढू नये. आकड्याची व्याख्या संहितेत जाऊन पडताळता येते, ही सोय बंदिस्त प्रणालीत नसते. आमची तक्रार वेगळी आहे. नवे मापक बसवणारे ते गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, बसवतात आणि निघून जातात. शिक्षकाच्या पडद्यापर्यंत ते पोचतच नाहीत.

शैलभ नागर व बलबीर सिंग यांचे काम पाहा. आयबीएममध्ये असताना त्यांनी विलंबाचा हिशेब ठेवण्याची सोय तयार केली आणि २००६ साली २.६.१८ या आवृत्तीत ती आली. एखादे काम प्रोसेसरसाठी किती थांबले आणि डिस्कसाठी किती, हे त्यातून वेगवेगळे कळते. आम्हांला हवे होते नेमके हेच. पण मोजण्यालाही थोडा वेळ खर्च होतो, म्हणून २०२१ च्या ५.१४ या आवृत्तीपासून ही सोय मुळात बंद ठेवलेली असते. हवी असल्यास चालू करावी लागते. बंद मापकाची सुई शून्यावर असते आणि पाहणारा ते शून्य खरे मानतो! २०१८ च्या डिसेंबरमध्ये ४.२० या आवृत्तीत योहानेस वायनर यांनी आणलेले ‘प्रेशर’चे आकडे आम्हांला सर्वांत प्रामाणिक वाटतात. गेल्या १०, ६० व ३०० सेकंदांपैकी किती टक्के वेळ कामे अडून राहिली, हे तेथे प्रोसेसर, मेमरी आणि डिस्क यांसाठी स्वतंत्र मिळते. राशी स्पष्ट, कालावधी स्पष्ट.

नेटवर्क मात्र त्या यादीत नाही, आणि नेटवर्कची बाजू एकंदरीतच लंगडी आहे. ‘प्रॉक’ या विभागात चालू असलेल्या प्रत्येक कामाचे एक दालन असते. त्यातील ‘आयओ’ या फाईलमध्ये त्या कामाने डिस्कवरून किती बाइट वाचले व लिहिले, याची नोंद मिळते. त्याच दालनात ‘नेट’ हाही विभाग आहे. साहजिकच वाटते की त्या कामाने किती बाइट मागवले ते येथे असेल. दोन वेगवेगळ्या कामांची दालने उघडून पाहा : सामान्यतः दोन्हीकडे आकडे सारखेच! ते त्या कामाचे नसून अख्ख्या संगणकाचे असतात. याला कारण आहे. डिस्क वाचायला कोणीतरी सांगावे लागते, म्हणून मागणारा ठाऊक असतो. बाहेरून येणारे पाकीट आधी येते आणि ते कोणाचे, हे नंतर ठरते. अडचण आम्हांला मान्य आहे, पण मग फसवी पाटी तरी लावू नये.

सी-डॅकने डेबियनच्या आधारे ‘बॉस’ ही भारतीय भाषांतील प्रणाली केली आणि शाळांसाठी ‘एज्युबॉस’ही दिली. गाभा हाच, म्हणून वरील सर्व मापक त्यातही आहेत. आमची अपेक्षा एवढीच की शाळेसाठीच्या अशा प्रणालीत ‘प्रेशर’चे आकडे पडद्यावर यावेत आणि प्रत्येकाखाली तो काय मोजतो, याची मराठीत एक ओळ असावी. मेनूंचे भाषांतर झाले, व्याख्यांचे राहिले.

डिस्कच्या प्रकृतीची नोंद डिस्क स्वतःच ठेवते आणि ‘स्मार्टमॉनटूल्स’ ती वाचून दाखवते. हा प्रकल्प सुरू केला ब्रूस ॲलन या पदार्थवैज्ञानिकांनी. गुरुत्वीय लहरींच्या संशोधनात शेकडो संगणकांच्या डिस्क सांभाळताना त्यांना याची गरज पडली. (त्याच लहरींसाठी हिंगोली जिल्ह्यात औंढा येथे ‘लायगो-इंडिया’ ही वेधशाळा मंजूर झाली आहे.) तरीही या नोंदीवर विसंबून राहू नये. गूगलने २००७ साली एक लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात निकामी झालेल्या डिस्कपैकी निम्म्याहून अधिक, ५६ टक्के, डिस्कनी चार प्रमुख इशाऱ्यांपैकी एकही दिला नव्हता.

आमच्या डिस्कने इशारा दिला होता की नाही, हे आता कळणार नाही. आम्ही ती नोंद कधी वाचलीच नाही. डिस्क उघडून तिची चकती आम्ही प्रयोगशाळेच्या कपाटात ठेवली आहे. नववीची मुले तिच्यात तोंड पाहतात.