सोळा आण्यांचा गिगाबाइट

एक टेराबाइटची डिस्क विकत आणावी, विंडोजच्या संगणकाला जोडावी आणि पडद्यावर '९३१ जीबी' असे वाचावे, हा अनुभव आपल्यापैकी बहुतेकांनी घेतला असेल. उरलेले एकोणसत्तर जीबी गेले कुठे, हा प्रश्न मंडळाच्या कार्यक्रमात चहाच्या वेळी मला हमखास विचारला जातो. विचारणाऱ्याकडे दोन उत्तरे तयारच असतात. एक, कंपनीने फसवले. दोन, फॉरमॅटिंगमध्ये गेले. दोन्ही उत्तरे चुकीची आहेत. फॉरमॅटिंगला लागणारी जागा त्या मानाने किरकोळ असते, आणि डिस्कवर एक लाख कोटी बाइट जसेच्या तसे असतात. विंडोज ते मोजते एका मापाने आणि चिठ्ठी चिकटवते दुसऱ्या मापाची. माझी तक्रार त्या चिठ्ठीबद्दल आहे.

किलो म्हणजे हजार, हे १७९५ साली फ्रान्समध्ये दशमान पद्धत आली तेव्हापासून ठरलेले आहे. संगणकाच्या स्मृतीचा, म्हणजे मेमरीचा, हिशेब मात्र दोनाच्या पाढ्याने चालतो. पत्ता सांगायला दहा तारा असतील तर १०२४ घरे होतात, अकरा असतील तर २०४८. जुन्या अभियंत्यांना १०२४ हा आकडा हजाराच्या इतका जवळचा वाटला की त्यांनी त्यालाच 'के' म्हणायला सुरुवात केली. फरक होता २.४ टक्के, कोण लक्ष देतो? पण हा फरक चक्रवाढ व्याजासारखा वाढतो. मेगाला ४.९, गिगाला ७.४ आणि टेराला जवळजवळ १० टक्के. किलोच्या काळात जी सवलत होती, तिचा टेराच्या काळात घोटाळा झाला आहे.

या गोंधळाची कमाल पाहायची असेल तर साडेतीन इंची फ्लॉपी आठवा. तिच्यावर '१.४४ एमबी' असे लिहिलेले असे. तिच्यात बाइट मावत १४,७४,५६०. दशमानाने हे १.४७ होतात, दोनाच्या हिशेबाने १.४१. मग १.४४ आले कुठून? कुणीतरी बाइटना आधी १०२४ ने भागले आणि मग आलेल्या १४४० ला हजाराने भागले! म्हणजे मेगाबाइटची एक तिसरीच जात जन्माला आली, आणि ती जगभर खोक्यांवर छापली गेली.

आपल्या आईवडिलांच्या पिढीला यातले काहीच नवीन वाटणार नाही. रुपयाचे सोळा आणे, चौसष्ट पैसे. हा हिशेबसुद्धा दोनाच्याच पाढ्याचा. १ एप्रिल १९५७ ला रुपयाचे शंभर पैसे झाले, तेव्हा सरकारने नाण्यावर 'नया पैसा' असे स्पष्ट छापले. जुना पैसा आणि नवा पैसा एकाच खिशात खुळखुळत असताना दोघांचे नाव एकच ठेवून चालणार नव्हते. १९६४ साली गरज संपली तेव्हा तो 'नया' काढून टाकला. संगणकाच्या जगातही हे शहाणपण दाखवले गेले. आंतरराष्ट्रीय विद्युततंत्र आयोगाने, म्हणजे आयईसीने, डिसेंबर १९९८ मध्ये १०२४ च्या मापांना वेगळी नावे दिली: किबी, मेबी, गिबी. नावे लहान बाळाच्या टोपणनावांसारखी आहेत हे मान्य. बाजारात ती रुळली नाहीत, यात त्या बोबड्या उच्चाराचाही वाटा असावा. पण नाव हसण्यासारखे आहे म्हणून चुकीचे नाव चालू ठेवावे, हा युक्तिवाद मला पटत नाही.

ॲपलने २००९ मध्ये मॅक ओएस टेनच्या 'स्नो लेपर्ड' आवृत्तीपासून फायली हजाराने मोजायला सुरुवात केली. विंडोज आजही १०२४ ने मोजते आणि 'जीबी' छापते. परिणाम असा की एकाच घरातल्या दोन संगणकांवर त्याच फाइलचे दोन आकडे दिसतात. आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाने आजोबांच्या कीर्तनांच्या ध्वनिफिती आणि लग्नामुंजींचे व्हिडिओ एकत्र केले. विंडोजवर फोल्डर दिसत होते ९५० जीबी. मुलीच्या मॅकवर नवी डिस्क दिसत होती १००० जीबी. सगळे मावणार म्हणून रात्री कॉपी लावली आणि जुनी डिस्क दुसऱ्या दिवशी भारतात जाणाऱ्या काकांच्या बॅगेत गेली. ते ९५० जीबी खरे होते १०२० जीबी. कॉपी अर्थातच अर्धवट थांबली, आणि राहिले त्यात कीर्तनेच जास्त होती. जुनी डिस्क सुखरूप पोचली म्हणून निभावले, एवढेच.

जुने जाणते प्रोग्रॅमर म्हणतात, १०२४ हेच संगणकाचे खरे माप. मेमरीपुरते ते खरे आहे. डिस्कला मात्र दोनाच्या घातांकाचे कसलेही बंधन नाही. तिच्यावर बसतील तितके सेक्टर बसतात. आयबीएमने १९५६ मध्ये बाजारात आणलेली पहिली हार्ड डिस्कसुद्धा पन्नास लाख अक्षरांची म्हणूनच सांगितली जात असे. संगणकाच्या घड्याळाचा वेग, तारेतून जाणाऱ्या माहितीचा वेग, सगळे हजारानेच मोजतात. गंमत म्हणजे कोर्टात उभे राहावे लागले ते डिस्कवाल्यांना. अमेरिकेत वेस्टर्न डिजिटलने २००६ मध्ये आणि सीगेटने २००७ मध्ये असे दावे तडजोडीने मिटवले. सॅनडिस्कवरचा दावा मात्र २०२० मध्ये फेटाळला गेला, कारण एक जीबी म्हणजे शंभर कोटी बाइट हे खोक्यावरच लिहिलेले होते. या दाव्यांत खोक्यावरचे माप आरोपी होते; पडद्यावरचे नव्हते.

माझ्या मते वापरणाऱ्याला फाइल आणि डिस्क हजारानेच दाखवावी. मेमरीचा हिशेब १०२४ ने करायचा तर तिथे गिबी लिहावे. तो आकडा वाचणारे बहुतेक तंत्रज्ञच असतात, त्यांची जीभ वळेल. विंडोजच्या यादीत मोठा व्हिडिओ '४१,९४,३०४ केबी' असा दिसतो, तेही बंद व्हावे. स्वल्पविराम मोजत बसणे हे माणसाचे काम नव्हे. तीन अर्थपूर्ण अंक पुरेत, आणि ज्याला बाइटन् बाइट हवा त्याला तो एका टिचकीवर मिळावा.

मराठीतून आज्ञावली लिहिणाऱ्यांपुढे यापेक्षा मोठा खड्डा आहे. इंग्रजीत बिटला लहान 'बी' आणि बाइटला मोठा 'बी' लिहून भागते. देवनागरीत लहानमोठी लिपीच नाही. इंटरनेटवाला विकतो १०० मेगाबिट, उतरते सेकंदाला साडेबारा मेगाबाइट, आणि मराठीत दोन्ही 'एमबी'. इथे फरक सात टक्क्यांचा नाही, आठपटीचा आहे. मराठी पडद्यावर ही आद्याक्षरे वापरूच नयेत. जागा थोडी जास्त लागली तरी 'मेगाबिट' आणि 'मेगाबाइट' असे पूर्ण शब्दच लिहावेत.